‘कौतुक पुरे, आता खरं लिहा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही वय एकाहत्तर लिहिलंत म्हणून काका म्हणते, चालेल ना?

आमच्या इंदूरच्या मुलांनी केलेल्या ‘सौभद्र’ या संगीत नाटकावर मी गेल्या महिन्यात लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदा वही घेऊन बसले. खाली दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काका म्हणतात, मी परीक्षण लिहिलं नाही, आरती ओवाळली. नारद बेसूर होता, सुभद्रेने ताना गाळल्या, उच्चार हिंदाळलेले होते आणि सगळी मुलं जुन्या ध्वनिमुद्रिकांची नक्कल करत होती. हे मला कळलं नसेल तर माझा कान कच्चा, आणि कळूनही लिहिलं नसेल तर मी मुलांचं नुकसान करते आहे. शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘संगीत नाटक हा पोरखेळ नाही.’

आधी नारद. काका, तुमचं बरोबर आहे. तो बेसूर झाला. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी ते लिहिलं नाही.

का लिहिलं नाही तेही सांगते. तो मुलगा चौदाचा आहे आणि त्याचा आवाज फुटतो आहे. तालमी सुरू झाल्या तेव्हा तो काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, मोकळा गायचा. प्रयोगापर्यंत अडीच महिने गेले. या वयात मुलांचे स्वरतंतू भराभर लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो, आणि उतरताना आज कुठे आहे आणि उद्या कुठे असेल याचा त्या मुलालाही भरवसा नसतो. पट्टी मात्र काळी चारच ठेवली गेली. पहिल्या प्रवेशात वरच्या षड्जावर गेला आणि आवाज चिरला. माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. त्याने एका हाताने वीणा घट्ट धरली होती, दुसऱ्या हातातली चिपळी वाजायची थांबली होती.

घरी येऊन लिहायला बसले तेव्हा ते हसणं माझ्या कानात होतं. आपण लिहिलं तर तो वाचेल, त्याचे वर्गातले मित्र वाचतील, या विचाराने मी ती जागा गाळली. चूक झाली. कारण गाळल्यामुळे दोष त्याच्याच माथी राहिला. ज्यांनी ऐकलं त्यांनी, तुमच्यासारखंच, ‘मुलगा बेसूर’ असं मनात धरलं. लिहायला हवं होतं ते हे, की फुटत्या आवाजाच्या मुलाची पट्टी दर आठवड्याला तपासायची असते आणि ती आम्ही मोठ्यांनी तपासली नाही. ‘आम्ही’ म्हणते, कारण चार तालमींना मी बसले होते. उच्चारांसाठी मला बोलावलं होतं. हेही लेखात सांगायला हवं होतं. ते वाचकांपासून लपवणं बरं नव्हतं, त्याबद्दल मनापासून माफी.

पण तुम्ही पाहिलीत त्या चित्रफितीत नारदाचा पहिला प्रवेशच होता. पुढे काय झालं ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही. मी नेहमी डावीकडे तिसऱ्या रांगेत बसते, तिथून ऑर्गनवाल्याचे हात दिसतात. संगीत नाटकात साथीदाराला पदागणिक पट्टी बदलावीच लागते, पुरुष काळी एक-दोनला, मुली काळी चार-पाचला. नारद पुन्हा आला तेव्हा ऑर्गनवर षड्ज लागला तो काळी एकचा. कोणी काही बोललं नव्हतं, खूण केली नव्हती. मुलाने एकदा ऑर्गनकडे पाहिलं. डोळे मिटले, आकार न लावता नुसतं ऐकलं, आणि मग त्या खालच्या, स्वतःलाच अनोळखी आवाजात पद सुरू केलं. ते बरोबर सुरात होतं. जाड, थोडं ओबडधोबड, पण सुरात. चिपळी पुन्हा वाजायला लागली.

तीस-बत्तीस वर्षं मी मुलांची नाट्यपदं ऐकत आले आहे. लोकमान्य नगरच्या गणपतीत, शाळांच्या संमेलनांत, चाळीस मिनिटांच्या एका प्रवेशासाठी बसने उज्जैनला, धारला जाऊन. अशी जागा मला या सगळ्या काळात दोन-तीनदाच मिळाली आहे.

आता सुभद्रा. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

‘वद जाऊ कुणाला शरण’मध्ये तिने ताना गाळल्या, हे खरं. पण ते पद कुणाला उद्देशून आहे? पुढेच ‘अग सखये’ आहे. सुभद्रा सखीला विचारते आहे, सांग ना, मी आता कुणाकडे जाऊ? इतक्या मोठ्या गायिकांनी हे पद इतकं सुंदर गायलंय की आपण ते दुःखाचं स्वतंत्र गाणं म्हणून ऐकायला शिकलो. समोर प्रेक्षक, तोंड माइककडे, आणि सखी बाजूला खांबासारखी उभी. या पंधरा वर्षांच्या मुलीने ‘वद’ म्हणताना वळून सखीचं, कुसुमावतीचं, मनगट धरलं. आणि थांबली. तबला एक आवर्तन नुसता चालू राहिला. ती खरोखर उत्तराची वाट पाहत होती. कुसुमावती झालेली मुलगी तालमीत नसलेल्या या प्रकाराने गोंधळली, तिने नकळत मान हलवली, ‘मला नाही गं माहीत’ अशी. तेव्हा सुभद्रेने पुढची ओळ घेतली.

त्या क्षणी सभागृहात कोणी खोकलं नाही. माझ्या शेजारच्या आजींनी पदर तोंडाला लावला. तान तिथे आली असती तर तिने धरलेलं ते मनगट सुटलं असतं. ती तान तिला येते, तालमीत मी ऐकली आहे. तिने ती सोडली.

आणि त्याच ओळीतला उच्चार ऐका, काका, तुम्ही उच्चारांबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. ‘जाऊ’मधला ज दातांजवळचा आणि पुढे ‘चरण’मधला च टाळूचा. ‘कुणाला’मध्ये ण. पुण्यात वाढलेल्या मुलाला यात काही करावं लागत नाही. ही मुलगी घराबाहेर पडली की दिवसभर हिंदीत असते. तिचा ज हिंदी ‘जाऊँगी’चा, तिचा ण म्हणजे न. घरी आजी होती तोवर मराठी होतं, आजी गेल्यावर तेही अर्ध्यावर आलं. पहिल्या तालमीला ती ‘कुनाला’ म्हणाली होती. मी तिला एकच शब्द रोज शंभरदा म्हणायला सांगितला. ती सायकलवरून जाताना म्हणायची, तिच्या आईने मला सांगितलं. प्रयोगात तिचा ण स्वच्छ लागला आणि ज सुद्धा. बाकीच्या दोघातिघांचा नाही लागला, तिथे तुमचा आक्षेप मला मान्य आहे. बलराम तर ‘ळ’ सरळ ‘ल’ म्हणत होता. पण इंदूरच्या मुलांच्या मराठीला ‘हिंदाळलेली’ म्हणून सोडून देऊ नका. इथे मराठी टिकवायला रोज जोर लावावा लागतो, आणि नाट्यपदासारखी दुसरी तालीम नाही. सुरावर शब्द ठेवायचा असला की तो तोंडात नीट घोळवावाच लागतो.

नकलेबद्दल. हो, ऐकूनच शिकतात. मोबाइलवर बालगंधर्व ऐकतात, छोटा गंधर्व ऐकतात, हरकत जशीच्या तशी उचलतात. मलाही कधी कधी टोचतं. पण इंदुरात बसून याला फक्त दोष कसा म्हणू? देवास इथून चाळीस किलोमीटरही नाही. तिथे जे कुमार गंधर्व राहिले, ते लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊनच गाजले होते, नावही त्यातूनच मिळालं. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, १९४८ च्या सुमारास क्षयाने देवासला आणलं, काही वर्षं गाणंच बंद राहिलं. त्यानंतर खूप काळाने त्यांनी बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम केला त्याचं नाव ‘मला उमजलेले बालगंधर्व’. नकलेपासून ‘उमजण्या’पर्यंत त्यांच्यासारख्याला इतका वेळ लागला. आमची मुलगी पंधराव्या वर्षी एका ‘वद’पुरती नकलेबाहेर आली, तर त्याचा मला आनंद होऊ नये?

‘पोरखेळ नाही’ या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. संगीत नाटक उभंच राहिलं ते कोवळ्या वयाच्या लोकांच्या जिवावर. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी आपल्या नाटक मंडळीत बडोद्याहून भाऊराव कोल्हटकरांना आणलं तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा सतरा. केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती, आणि त्याआधी पोरवयात ते ‘शारदा’ नाटकात शारदा करून गाजले होते. दीनानाथ मंगेशकरांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली तेव्हा ते जेमतेम अठराचे होते. आणि त्यांची थोरली मुलगी लता, आमच्या इंदुरात जन्मलेली, लहानपणी एकदा ऐनवेळी नट आला नाही म्हणून नारद होऊन उभी राहिली, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. तेही ‘सौभद्र’च.

त्या मुलांचे हालही झाले, हे मी विसरलेले नाही. रात्रभर चालणारे प्रयोग, शाळा नाही, आवाज फुटला की काम गेलं. म्हणून मी मुलांना ‘वन्स मोअर’ देणं कधीच बंद केलं आहे. पंधरा वर्षांच्या गळ्याकडून तेच पद तीनदा मागणं बरं नाही. हल्ली टीव्हीवरच्या स्पर्धांत मुलांना गुण देतात आणि रडताना दाखवतात, त्यावर तुम्ही जे लिहिलंत त्यातला शब्द न् शब्द मला पटतो.

आपल्याकडे प्रेक्षकाने काय करायचं याची मोठी परंपरा आहे. रामूभैय्या दात्यांचं नाव इंदूर अजून काढतं ते त्यांच्या ऐकण्याबद्दल. चुकणाऱ्याचंही शेवटपर्यंत ऐकायचं, चांगली जागा आली की तिथल्या तिथे दाद द्यायची, आणि चूक नंतर एकट्याला गाठून सांगायची. मी हे करते असं मला वाटत होतं. नारदाच्या बाबतीत शेवटचं केलं नाही. तुमच्या प्रतिक्रियेनंतर केलं. त्याच्या घरी जाऊन त्याला सांगितलं की पहिल्या पदात आवाज गेला तो पट्टीमुळे, आणि दुसऱ्या वेळी तू थांबून ऐकलंस ते फार मोठं केलंस. तो म्हणाला, ‘काकू, मला वाटलं कोणाच्या लक्षातच आलं नाही दुसरं.’ सध्या त्याचं गाणं त्याच्या गाण्याच्या बाईंनी कमी केलं आहे. तानपुरा लावून सकाळी वीस मिनिटं खालचे स्वर, तेवढंच.

तुमच्या एका मुद्द्याला मात्र अजून हात लावला नाही, आणि तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही लिहिलंत की या मुलांना झेपत नाहीत अशी पदं देतात. अगदी खरं. मूळ ‘सौभद्र’मध्ये शंभरावर पदं, आणि त्यात साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीतं किती तरी. साध्या चाली, दोन-चार ओळी, बोलता बोलता गायच्या. मुलांच्या गळ्याला आणि नाटक पुढे न्यायला याहून चांगलं काही नाही. पण प्रयोग अडीच तासांत बसवायचा म्हटलं की कात्री पहिली साकी-दिंडीवर चालते आणि उरतात ती मैफलीत गाजलेली बडी पदं. मग चौदा वर्षांच्या मुलाला वरचा षड्ज लावायला लागतो. पुढच्या वेळी कोणी मुलांसाठी ‘मानापमान’ काढायचं म्हटलं तर मी आधीच नाही म्हणणार आहे. त्यातली गोविंदराव टेंब्यांची चाल तयार गळ्याचीच आहे. ‘सौभद्र’ मात्र मुलांना पुन्हा करू द्यावं, साक्या-दिंड्यांसकट.

अडचण एकच आहे. छापील संहितेत शब्द सगळे आहेत, चाली कोणाला येत नाहीत. बाईंना सात-आठ येतात, मला आजीकडून आलेल्या तीन. तुम्ही लिहिलंत की लहानपणी वडिलांच्या हौशी मंडळीत तुम्ही विंगेतून प्रॉम्प्टिंग करायचात आणि अजून सगळ्या साक्या तोंडपाठ आहेत. काका, त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवाल का? आवाज कसाही लागला तरी चालेल, पेटी नसली तरी चालेल, नुसती चाल कळली पाहिजे. पहिल्या अंकापासून सुरुवात करा. दिवाळीनंतर मुलं पुन्हा तालमीला बसणार आहेत, तोवर अर्ध्या जरी आल्या तरी आम्ही त्यांच्याकडून त्या बसवून घेऊ.