स्विच बदनाम, बॅटरी नामानिराळी

नागपूरच्या एका कॉलेजात ऑनलाइन परीक्षा चालू असताना नेट बसलं, आणि आमच्या बॅचच्या ग्रुपवर चार दिवस तेच दळण सुरू आहे. "लोकल माल घेतला की असंच होते. तुमच्याकडे पडते का कधी बंद?" 'तुमच्याकडे' म्हणजे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला, मी राहतो तिथं. माल म्हणजे नेटवर्क स्विच, सगळ्या संगणकांना नेट वाटून देणारा डबा. दुसरा गट सांगतो की आधीचा महागडा परदेशी स्विचही तिसऱ्या उन्हाळ्यात गेला होता. दोघंही ब्रँडवरच अडलेत.

आमच्याकडेही पडतं. ट्वेंटे विद्यापीठाचं संगणक केंद्र २००२ च्या नोव्हेंबरात आगीत गेलं. २०१९ च्या डिसेंबरात मास्ट्रिख्ट विद्यापीठ खंडणीखोर हॅकर्सनी ठप्प केलं, ३० बिटकॉइन मोजावे लागले. स्विचचा त्यात काय दोष? पण रोजच्या टिकण्यात इथं उपकरणं सरस ठरतात हे मान्य. त्याचं श्रेय मात्र मालाला नाही, हवेला आहे. २५ जुलै २०१९ ला खिल्झे-रायनला ४०.७ अंश झाले, तो इथला विक्रम. नागपूरकर एवढ्यात रसवंतीवर गप्पा मारत बसतो.

बऱ्याच अ‍ॅक्सेस स्विचच्या (ज्यांना संगणक थेट जोडतात त्यांच्या) माहितीपत्रकात कमाल तापमान ४५ अंश लिहिलेलं असतं. हा आकडा स्विचमध्ये शिरणाऱ्या हवेचा, वेधशाळेच्या सावलीतला नव्हे. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली, काचेचं दार लावलेला भिंतीवरचा रॅक, म्हणजे स्विच ठेवायचं छोटं कपाट, असेल तर आतली हवा खोलीपेक्षा दहा अंशांनी सहज चढते. पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. म्हणून स्विच मे महिन्यात मरत नाही. मे महिन्यात म्हातारा होतो आणि ऑगस्टमध्ये लाइट गेली-आली की उठत नाही. मग शिव्या ब्रँडला.

त्यावर आमच्याकडे उपाय काय, तर खिडकीत कूलर. कोरड्या उन्हाळ्यात माणसाला तो स्वर्ग. रॅकला मात्र ओल, धूळ आणि खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार मिळतात. पंख्याच्या पात्यांवर आणि पोर्टच्या, म्हणजे केबल खोचायच्या खाचांच्या, धातूच्या टोकांवर पांढुरका थर धरतो. मृग लागला की कूलर गारही करत नाही, नुसती ओल वाढवतो. दीड टनाचे दोन एसी आळीपाळीने चालवा, लाइट आल्यावर आपोआप सुरू होणारे घ्या.

खरी चोर बॅटरी आहे. यूपीएसमधली एसएमएफ (पाणी घालावं न लागणारी, सीलबंद) बॅटरी पाच वर्षांची म्हणून विकतात, ती २५ अंशांच्या हिशेबाने. ३५ ला आयुष्य निम्मं. आणि एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: बॅटरी वगळून. यूपीएसवर हिरवा दिवा जळत राहतो, लाइट जाते, दोन मिनिटांत सगळं झोपतं.

अर्थिंगही तपासा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज दोनच्या वर दिसला तर खड्ड्यात पाणी घाला. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल असेल तर रोहिणीच्या पहिल्या कडकडाटात पोर्ट उडतात. तिथं वीज न वाहणारी काचेची फायबरच हवी.

निविदेत यातलं काही नसतं. पोर्ट किती, वॉरंटी किती आणि सर्वांत स्वस्त कोण, एवढंच. दर दहा स्विचमागे एक शिलकीत, दोन-चार फायबर मॉड्यूल (फायबर स्विचला जोडणारे तुकडे) आणि प्रत्येक स्विचच्या कॉन्फिगरेशनची, म्हणजे सेटिंगची, प्रत ठेवायला कितीसा खर्च येतो?

"तू तिथं थंडीत बसून आम्हाला शिकवू नको," असं उत्तर आलंच. चूक नाही त्यात. पंधरा अंशांच्या खोलीत स्विच टिकवण्यात मर्दुमकी नाही, आणि ४६ च्या उन्हात शिडी लावून रॅक उघडणाऱ्या पोराइतकं मला इथं कधी सोसावं लागलेलं नाही. वर वाचून पाहिलं तर 'आमच्याकडे' हा शब्द एकदा डेल्फ्टसाठी आलाय आणि एकदा नागपूरसाठी. दुरुस्त करायला गेलो, कुठला खोडायचा ते ठरेना.

तर ग्रुपवरच्या मंडळींनो, एप्रिलच्या पहिल्या रविवारी, परीक्षा नसताना, यूपीएसचा इनपुट ब्रेकर पाडा. सगळा लोड चालू राहू द्या, हातात मल्टीमीटर घ्या. १२ व्होल्टची कुठलीही बॅटरी साडेदहाच्या खाली आली की थांबा. किती मिनिटं निघाली तेवढं टाका. ब्रँडचं मग बोलू.