परदेशातल्या फॅमिली डॉक्टरच्या पगाराबद्दल थोडं सविस्तर

बडोद्यात ओळखीच्या कुणाचं मूल एमबीबीएस झालं की काही महिन्यांत मला फोन येतोच. मी सीए. डॉक्टरांची रिटर्न भरता भरता त्यातले बरेच बाहेर गेले, त्यामुळे लोकांना वाटतं की ह्याला सगळे आकडे पाठ असणार. प्रश्न ठरलेला: "दादा, यूकेत जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, कोट रुपये मिळतात म्हणे, खरं का?"

मिळतात. पण पौंडाला ११८ ने गुणून जो आकडा येतो तो कमाईचा नसतो, आणि त्यावर घरातले निर्णय घेतले जाताना बघून मला राहवत नाही.

परवा मांजलपूरच्या एका काकांनी इंग्लंडमधल्या नोकरीची जाहिरात व्हॉट्सअॅप केली. सॅलरीड (पगारी) जीपी, 'प्रत्येक सेशनला १०,००० पौंड'. काकांनी गुणाकार करून ठेवला होता, कारण त्यांना सेशन म्हणजे एका दुपारची ओपीडी वाटली होती! तसं असतं तर मीच पाटी-दप्तर घेऊन मेडिकलला बसलो असतो. सेशन म्हणजे अर्धा दिवस, आणि १०,००० पौंड म्हणजे आठवड्यातला तो एक अर्धा दिवस वर्षभर केल्याचे पैसे. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ९ सेशन, साडेसदतीस तास. म्हणजे वर्षाला ९०,००० पौंड, आपले एक कोटी सहा लाख. इंग्लंडमध्ये सॅलरीड जीपीसाठी २०२५-२६ ची सरकारी पगारश्रेणी साधारण ७६,००० ते १,१४,७०० पौंडांची आहे, त्यामुळे जाहिरात काही खोटी नव्हती.

आता स्लिप उघडू. ९०,००० मधून एनएचएस, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या पेन्शनचे साडेबारा टक्के, ११,२५० गेले. उरलेल्यावर इन्कम टॅक्स जवळपास १९,०००, कारण ५०,२७० च्या वर ४० टक्के लागतो. नॅशनल इन्शुरन्स ह्या आणखी एका सक्तीच्या सरकारी कपातीचे ३,८००. हातात राहिले ५६,०००, महिन्याला ४,६५० च्या आसपास. पेन्शन वाया जात नाही हे मान्य, पण ती म्हातारपणी. घरभाडं, कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा) आणि मूल लहान असेल तर नर्सरी हे सगळं ह्या ४,६५० मधून. तिथे आजी नसते सांभाळायला, आणि नर्सरीचं बिल घरभाड्याच्या जवळपास जातं. पगार लाखावर गेला की आणखी एक गंमत आहे: करमाफीची रक्कम हळूहळू काढून घेतात, त्यामुळे १,००,००० ते १,२५,१४० या पट्ट्यात वरच्या प्रत्येक पौंडातले ६० पेन्स टॅक्सलाच जातात. म्हणून माझ्या ओळखीचे जीपी लाखाच्या आत राहायची धडपड करतात. आपल्याकडे ८० सी साठी मार्चमध्ये होते तशीच.

आणि ९ सेशन करतो कोण? बरेचजण सहा-सातच करतात, आळसाने नव्हे. दहा-दहा मिनिटांचे पेशंट, त्यात दोन-तीन तक्रारी एकदम, आणि पेशंट संपल्यावर रक्ताचे रिपोर्ट, हॉस्पिटलची पत्रं, रिपीट औषधांच्या सह्या. अर्धा दिवस कागदावर सुमारे सव्वाचार तासांचा, प्रत्यक्षात साडेपाच-सहाचा. पगार मात्र सव्वाचारचाच. सहा सेशनचे ६०,००० झाले की कोटी गेले कुठल्या कुठे.

दवाखान्यात (तिथे त्याला प्रॅक्टिस म्हणतात) पार्टनर झालं तर जास्त मिळतं, पण तो पगार नाही, धंद्यातला नफा आहे. जागा, रिसेप्शनिस्ट, नर्स, लाइटबिल सगळ्याची जबाबदारी. रावपुऱ्यातल्या दुकानदाराला हे मी दोन मिनिटांत समजावू शकतो, डॉक्टरांना अर्धा तास लागतो.

वर्षांचा हिशेब तर कुणी विचारतच नाही. प्लॅब ही बाहेरच्या डॉक्टरांसाठीची यूकेची परीक्षा; तिचा पहिला पेपर भारतात, दुसरा मँचेस्टरला जाऊन. मग जीएमसी, म्हणजे तिथल्या मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग हॉस्पिटलमधली पहिली नोकरी, आणि हल्ली ह्याच पायरीवर गाडी अडते, प्लॅब पास होऊन महिनोन् महिने अर्ज करणारी मुलं आहेत. त्यानंतर जीपी ट्रेनिंगची तीन वर्षं, सुरुवातीचा मूळ पगार २०२५-२६ मध्ये सुमारे ५२,६०० पौंड. शेवटी एमआरसीजीपी ही जीपीची परीक्षा, त्यातल्या एका परीक्षेत बारा-बारा मिनिटांचे बारा पेशंट ऑनलाइन तपासायचे. ट्रेनिंग तीन वर्षांचं आणि कायम वास्तव्याला आजवर लागायची पाच, म्हणजे मधल्या काळात व्हिसा स्पॉन्सर करणारी प्रॅक्टिस शोधणं आलं, आणि छोट्या प्रॅक्टिसकडे बहुधा स्पॉन्सर लायसन्सच नसतं. आता ती पाच वर्षंही वाढवायचं सरकारच्या मनात आहे, आणि ट्रेनिंगच्या जागांत तिथल्याच पदवीधरांना आधी घ्यायचं २०२५ च्या दहा वर्षांच्या आराखड्यात लिहिलंय. २०१० मध्ये गेलेल्या मामेभावाच्या अनुभवावर २०२६ मधला निर्णय घेऊ नका.

कॅनडाचा आकडा आणखी डोळे दिपवणारा. ब्रिटिश कोलंबियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नवी पेमेंट पद्धत आणली तेव्हा सरकारनेच सांगितलं, पूर्णवेळ फॅमिली डॉक्टरला वर्षाला साधारण ३,८५,००० कॅनेडियन डॉलर. हा पगार नव्हे, गल्ला. क्लिनिकचा खर्च ह्यातूनच, तो सहज २५-३० टक्के, आणि टॅक्स त्यानंतर. शिवाय रेसिडेन्सीला, म्हणजे तिथल्या ट्रेनिंगला, अर्ज करायला आधी पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) किंवा नागरिकत्व लागतं.

ऑस्ट्रेलियात जीपी बहुतेक वेळा नोकर नसतोच. तो बिल करतो आणि क्लिनिक त्यातले तीस-पस्तीस टक्के ठेवतं. साध्या व्हिजिटला मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, सुमारे ४४ ऑस्ट्रेलियन डॉलर देतं, तासाला चार पेशंट धरा आणि स्वतःच गुणा. पेशंट आला नाही, तुम्ही आजारी पडलात, गणपतीला बडोद्याला आलात, तेवढे दिवस शून्य. बाहेर शिकलेल्या डॉक्टरला साधारण दहा वर्षं डॉक्टर कमी असलेल्या भागातच बसावं लागतं, सिडनीत ऑपेरा हाउसशेजारी नाही. मात्र ऑक्टोबर २०२४ पासून यूकेत जीपीचं ट्रेनिंग पूर्ण केलेल्यांना तिथे जलद मार्गाने घेतात. त्यामुळे यूके करून ऑस्ट्रेलिया हा रस्ता सध्या चालू आहे, आणि पैशाच्या दृष्टीने मला तोच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

अमेरिकेत वर्षाला सव्वादोन-अडीच लाख डॉलर, सगळ्यांत जास्त. त्याआधी यूएसएमएलई ही लायसन्सची परीक्षा, तीन वर्षांची रेसिडेन्सी, जे-१ व्हिसावर गेलात तर दोन वर्षं परत येणं किंवा तीन वर्षं डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात नोकरी, त्याच्या जागा राज्याला वर्षाला तीस. ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल गुजरातेत राहणाऱ्याला मी काय सांगावं! दुबईत टॅक्स नाही, म्हणून मन खूश होतं. मुलांची शाळा आणि भाडं कंपनी देते का, तेवढं मात्र आधी विचारा.

ह्या सगळ्यात मला खटकतं ते दुसरंच. आपल्या घरांत 'नुसता एमबीबीएस' म्हटलं की चेहरे पडतात. पीजी मिळालं नाही म्हणून जीपी झाला, असं मुंजीच्या पंगतीत सरळ बोलतात. आणि तोच मुलगा तिथे जीपी झाला की पेढे. तिथे जीपी होणं ही स्वतंत्र स्पेशालिटी आहे, तिचं ट्रेनिंग आहे, परीक्षा आहे, म्हणून तिला मान आहे आणि पैसेही. आपल्याकडे गुडघा दुखला की माणूस थेट ऑर्थोपेडिककडे, छातीत कळ आली की थेट अँजिओग्राफीच्या पॅकेजकडे. मग नवीन जीपीला पेशंट यायचे कुठून?

जुने अजून टिकून आहेत. माझा एक क्लायंट दांडिया बाजारात स्वतःच्या मालकीच्या जागेत बसतो. रोज पन्नास पेशंट, २०० रुपये फी, त्यात दोन दिवसांच्या पुड्याही. वर्षाचे ३०० दिवस धरले तर तीस लाखांचा गल्ला, ४४ एडीए कलमाखाली हिशेबाच्या वह्यांशिवाय गल्ल्याच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून सरळ रिटर्न. घर स्वतःचं, दुपारी दोन तास झोप. सहा सेशन करणाऱ्या त्याच्या इंग्लंडमधल्या बॅचमेटच्या हातात रुपयांत नक्की जास्त येतात, पण भाडं आणि नर्सरी गेल्यावर फरक वाटतो तेवढा राहत नाही. अर्थात ह्याने दुकान १९९४ मध्ये मांडलं. आज तिशीतल्या मुलाने तिथेच गाळा घेऊन सुरू केलं तर पहिली काही वर्षं बाबांनाच खर्च उचलावा लागेल. त्यामुळे मुलं जातात त्यात मला काही वावगं वाटत नाही. फक्त ज्याला रोज तीस जणांची रडगाणी ऐकायचा कंटाळा आहे, त्याने केवळ आकडा बघून जीपी होऊ नये. तो तिथेही कंटाळेल, आणि पाच सेशनवर येईल.

कुणाला खरी ऑफर आली असेल तर जाहिरातीचा फोटो नको, कॉन्ट्रॅक्ट पाठवा. सेशन किती, रजा किती, व्हिसा कोण देणार, इन्डेम्निटी (चुकीबद्दल दावा झाला तर त्याचा विमा) कोणाची, एवढं मी बघून देईन. पैसे घेणार नाही. जुलैत मात्र पाठवू नका, रिटर्नच्या दिवसांत मी घरच्यांचाही फोन उचलत नाही.