दुःख ओसरलं म्हणून गाणं थांबवणारा माणूस

ब्रिटिश गिटारवादक आणि गायक एरिक क्लॅप्टनच्या चाहत्यांमधलं एक भांडण मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. मी गिटार शिकवतो, त्यामुळे ते अधूनमधून माझ्या क्लासमध्येही येऊन पोचतं. भांडण त्याच्या 'टिअर्स इन हेवन' या गाण्यावरचं. परवा माझे दोन जुने विद्यार्थी, आता दोघंही चाळिशीचे, या गाण्यावरून एकमेकांना नको ते बोलले. म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

गाण्यामागची घटना बऱ्याच जणांना माहीत असेल. 20 मार्च 1991. क्लॅप्टनचा मुलगा कॉनर, साडेचार वर्षांचा, न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनमधल्या एका इमारतीच्या 53व्या मजल्यावरून पडून गेला. साफसफाईसाठी खिडकी उघडलेली होती. आदल्याच संध्याकाळी बाप-लेक सर्कस बघून आले होते. क्लॅप्टनची दारू सुटून तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती. तो परत प्यायला लागेल अशी भीती अनेकांना वाटली असणार. तो प्यायला नाही, गिटार घेऊन बसला.

पुढे 'रश' नावाच्या सिनेमासाठी त्याने हे गाणं केलं. 1992 च्या सुरुवातीला ते आलं, अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि 1993 च्या ग्रॅमी सोहळ्यात त्या एका गाण्याने तीन पुरस्कार नेले. त्या रात्री क्लॅप्टनला एकूण सहा मिळाले. साध्या, विजेशिवायच्या गिटारवर प्रेक्षकांसमोर वाजवलेल्या ज्या 'अनप्लग्ड' अल्बममधून आपल्यापैकी बहुतेकांनी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं, त्याच्या एकट्या अमेरिकेत एक कोटीहून जास्त प्रती खपल्या.

इथूनच पहिली तक्रार सुरू होते. माझ्या त्या दोघांपैकी एक जण म्हणाला, "सर, पोटचं पोर गेलं आणि माणूस सिनेमासाठी गाणं लिहितो? तेही दुसऱ्या कवीला सोबत घेऊन?" हे म्हणणारा तो एकटा नाही. 'क्रीम' या त्याच्या जुन्या बँडच्या काळापासूनचे, ब्लूजवर जीव असलेले अनेक चाहते या गाण्याला गुळगुळीत म्हणतात. त्यांना क्लॅप्टन हवा असतो तो तारा ताणून किंचाळायला लावणारा. एवढा मोठा घाव आणि त्यावर इतकी मऊ चाल, हे त्यांना पटत नाही.

दुसऱ्या कवीबद्दल आधी बोलतो, कारण ती गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याचं नाव विल जेनिंग्ज. क्लॅप्टनकडे पहिलं कडवं तयार होतं आणि बाकीचं जेनिंग्जने लिहावं असं त्याला वाटत होतं. जेनिंग्जने आधी नको म्हटलं. हे इतकं तुझं स्वतःचं आहे की सगळं तूच लिहायला हवंस, असं त्याचं म्हणणं होतं. क्लॅप्टनने आग्रह धरला तेव्हा तो तयार झाला. गाणं वाजवणाऱ्यांना माहीत असेल, ए मेजर या पट्टीत चाललेलं गाणं मध्येच सी मेजरमध्ये, म्हणजे दुसऱ्या पट्टीत, जातं. काळ माणसाला गुडघ्यावर आणतो, असं सांगणारा तो भाग. त्या ओळी जेनिंग्जच्या. दुःखाच्या आत उभा असलेला माणूस तेवढं लांबून बघू शकला नसता असं मला वाटतं. त्या क्षणी शेजारी कुणीतरी लागतं. आपल्याकडे 'राजहंस माझा निजला' वाचून पिढ्यान्‌पिढ्या रडल्या. त्या आईचे शब्द गोविंदाग्रजांनी लिहिले, म्हणून ते दुःख उसनं आहे असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आणि आता सिनेमासाठी लिहून दुःख बाजारात मांडलं, या आरोपाबद्दल. 'अनप्लग्ड'चं ध्वनिमुद्रण जानेवारी 1992 मध्ये इंग्लंडमध्ये झालं. त्या दिवशी त्याने याच दुःखातून आलेली आणखी दोन गाणी म्हटली होती. एक 'माय फादर्स आइज'. त्यात त्याचा मुलगा आहे आणि त्याने स्वतः कधीच न पाहिलेला बापही आहे. दुसरं 'सर्कस', त्या शेवटच्या संध्याकाळचं. ही दोन्ही त्याने तेव्हाच्या अल्बममध्ये घेतली नाहीत. 1998 च्या 'पिल्ग्रिम'मध्ये ती नव्याने गायली, आणि त्या दिवशीचं मूळ ध्वनिमुद्रण तर 'अनप्लग्ड'च्या 2013 च्या विस्तारित आवृत्तीत पहिल्यांदा आलं. आपलं दुःख विकायला निघालेला माणूस तीन गाणी हातात असताना दोन बाजूला ठेवत नाही. त्यातलं 'सर्कस' तर ऐकवत नाही इतकं थेट आहे.

आता दुसरी तक्रार, जी मला जास्त अस्वस्थ करते.

2004 मध्ये क्लॅप्टनने 'टिअर्स इन हेवन' आणि 'माय फादर्स आइज' ही दोन्ही गाणी कार्यक्रमांत म्हणणं थांबवलं. बहुतेकांना वाटतं की त्याला त्रास होत होता म्हणून. कारण नेमकं उलटं होतं. त्याने मुलाखतीत सांगितलं की ते हरवलेपण आता आपल्याला जाणवत नाही, आणि ही गाणी म्हणताना ते जाणवावं लागतं. त्या भावना परत ओढून आणण्याची त्याची इच्छा नव्हती. त्याचं आयुष्य बदललं होतं, नवा संसार होता, घरात लहान मुली होत्या. पुढे कधीतरी जरा अंतरावरून ही गाणी पुन्हा हाताळीन, असंही तो तेव्हाच म्हणाला होता.

यावर चाहते जे बोलले आणि अजून बोलतात, ते ऐकून मला राग येतो. "मुलाला विसरला." "इतक्या वर्षांत संपलं दुःख?" काही जणांना तर तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखं वाटलं, कारण ते याच गाण्यासाठी आले होते. म्हणजे बापाने रोज रात्री, नव्या गावात, नव्या लोकांसमोर तीच जखम उघडून दाखवायची. आणि एखाद्या रात्री ती भरलेली दिसली तर अपराध त्याचा.

मी हे घरात पाहिलंय. माझ्या आत्याचा मुलगा कॉलेजात असताना अपघातात गेला. पुढची काही वर्षं आत्या कुठल्याच लग्नामुंजीला गेली नाही. तेव्हा नातेवाईक म्हणायचे, "किती दिवस धरून बसणार? सावरायला नको का?" मग एका पुतणीच्या लग्नात ती आली. ठेवणीतली पैठणी नेसली, गजरा माळला, पंगतीत आग्रह करकरून वाढलं. त्याच माणसांनी मांडवात कुजबुज केली, "सावरली हो लवकर." आत्याने ते ऐकलं. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर बराच काळ तिने गजरा घातला नाही. माझ्या मनातून ते जात नाही. दुसऱ्याचं दुःख किती असावं आणि किती दिवस दिसावं, हे ठरवायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

म्हणून मला क्लॅप्टनचं ते थांबणं या गाण्याइतकंच मोठं वाटतं. डोळे मिटून, आवाज थरथरवून तो आणखी वीस वर्षं ते गाणं म्हणू शकला असता. कुणाला कळलंही नसतं, टाळ्या तितक्याच पडल्या असत्या. खोटं म्हणायचं नाही एवढ्यासाठी त्याने आपलं सर्वांत लाडकं गाणं बाजूला ठेवलं. नंतर काही वर्षांनी तो ते पुन्हा म्हणू लागला, तेव्हा "मग थांबला कशाला होतास?" असं विचारणारेही निघाले. माणूस एकाच गोष्टीकडे साठाव्या वर्षी आणि सत्तराव्या वर्षी वेगळ्या नजरेने बघतो, यात न कळण्यासारखं काय आहे?

एक गट आणखी आहे, आणि त्याला मी सहज बाजूला सारू शकत नाही. 1976 मध्ये बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून क्लॅप्टन दारूच्या नशेत स्थलांतरितांविरुद्ध जे बोलला ते किळसवाणं होतं. ब्रिटनमधले भारतीय, पाकिस्तानी, कॅरिबियन लोक तेव्हा रस्त्यावर मार खात होते. त्याच्या त्या बोलण्यातूनच 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. पुढे त्याने लाज वाटते असं सांगितलं, पण फार उशिरा. लंडनमध्ये वाढलेला माझा एक मराठी मित्र क्लॅप्टनचा एकही सूर ऐकत नाही, आणि त्याला ऐक म्हणायची माझी हिंमत होत नाही. ते त्याचं बरोबर आहे. मी मात्र हे गाणं ऐकतो, कारण त्यातलं पोर त्या भाषणात नव्हतं. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात आणि मी त्यांची तडजोड करत नाही.

परवाच्या भांडणातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. कुणीतरी हे गाणं लग्नाच्या रिसेप्शनला वाजवलं होतं. हॉटेलांत, लिफ्टमध्ये ते सारखं वाजतं, लोक त्यावर सूप पितात, हे त्याला सहन होत नाही. त्याने स्वतः भाऊ गमावलाय, त्यामुळे मी त्याच्याशी वाद घातला नाही. पण माझं मत वेगळं आहे. या गाण्यात कॉनरचं नाव नाही. मुलगा, खिडकी, शहर, काही नाही. स्वर्गात भेटलास तर माझं नाव तुला आठवेल का, एवढाच प्रश्न आहे. म्हणून तर कुणी ते आजीसाठी ऐकतं, कुणी बायकोसाठी, आणि कुणाला त्यात नुसती गोड चाल ऐकू येते. क्लॅप्टनने ते दार उघडं ठेवलंय. ते बंद करायला आपण का धावायचं?

क्लासमध्ये हे गाणं शिकवताना मी त्यामागची गोष्ट आधी सांगत नाही. पूर्वी सांगायचो. मग पोरं लगेच लय पाडायची, प्रत्येक सूर ओढायची, चेहरे दुःखी करायची. क्लॅप्टन तसं वाजवत नाही. 'अनप्लग्ड'मध्ये नायलॉनच्या तारांची गिटार आहे, अंगठा खर्जाची तार धरून चालतो, बाकीची बोटं वरच्या तारा एकदम उचलतात, आणि लय शेवटपर्यंत हलत नाही. ती लय सांभाळणं हेच त्या गाण्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. सुरुवातीची हॅमर-ऑनची (वाजत्या तारेवर बोट ठोकून पुढचा सूर काढायची) जागा बोटांत बसली, सी मेजरमध्ये जाऊन परत येता आलं, की मग गोष्ट सांगतो. तोवर हात शिकलेले असतात आणि चेहरा करायची गरज उरत नाही.