पंचवीस खाटांचं इस्पितळ आणि एक फॉरवर्ड

सांगलीहून भाचीने एक मेसेज पाठवला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं लिहिलेलं, म्हणजे तुमच्याकडेही पोचला असणार. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या छोट्या गावांत नर्स मिळत नाहीत, त्यामुळे नोकऱ्या पडून आहेत, एनक्लेक्स (नर्सच्या परवान्याची अमेरिकी परीक्षा) पास झालात की सहा महिन्यांत ग्रीन कार्ड, पगार वर्षाला लाख डॉलर, खर्च काहीच नाही, आणि लहान इस्पितळ, म्हणून काम हलकं. भाची बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी दक्षिण जॉर्जियातल्या एका गावात नर्स आहे, म्हणून तिने विचारलं, ‘मावशी, खरं का गं हे?’

नर्स मिळत नाहीत, हे खरं. पण त्यावरून नोकऱ्या पडून आहेत असं म्हणता येत नाही. आमच्याकडे विमा नसलेले पेशंट भरपूर. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी या राज्यांनी गरिबांसाठीची मेडिकेड ही सरकारी विमा योजना पूर्ण वाढवलेली नाही. इमर्जन्सीत आलेल्याला तपासून सावरावंच लागतं, तो 1986 पासूनचा कायदा आहे. बिल मात्र बुडतं. 2010 नंतर अमेरिकेत शंभरहून जास्त ग्रामीण इस्पितळं बंद पडली किंवा त्यांनी पेशंट भरती करणं थांबवलं, आणि त्यात दक्षिणेचा वाटा मोठा. जॉर्जियातल्या कथबर्टचं इस्पितळ बंद झालं ते ऑक्टोबर 2020 मध्ये, ऐन कोविडात. काहींनी 2023 पासूनच्या नव्या नियमाखाली फक्त चोवीस तासांची इमर्जन्सी ठेवली आणि वॉर्ड काढून टाकले. पैसा नाही, नर्स नाहीत म्हणून वॉर्ड बंद, आणि वॉर्ड बंद म्हणून नर्सच्या जागाही गेल्या.

जागा उरतात त्या नर्सिंग होममध्ये (इथे त्याचा अर्थ वृद्धांचं निवासी शुश्रूषागृह, आपल्याकडचं बाळंतपणाचं नव्हे), डायलिसिस केंद्रात, घरोघरी जाऊन ड्रेसिंग करण्याच्या, तुरुंगात, शाळेत. चांगल्या नोकऱ्या आहेत त्या. पण जवळच्या कॉलेजात दोन वर्षांचा कोर्स केलेल्या मुलीला त्या आधी मिळतात, कारण ती इथलीच असते, तिला व्हिसा लागत नाही आणि ती सोडून जाण्याची भीती कमी असते.

सहा महिन्यांत ग्रीन कार्ड ही तर शुद्ध थाप. नर्सना ‘शेड्यूल ए’मुळे (टंचाईच्या नोकऱ्यांची सरकारी यादी) कामगार खात्याच्या एका लांबलचक टप्प्यातून सूट असते, एवढं खरं. पुढे ईबी-3 ची (नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या एका प्रकाराची) रांग आहेच, आणि ती जन्माच्या देशाप्रमाणे लागते. 2025 संपत आलं तरी भारतीयांचा नंबर 2013 च्या अर्जांपाशी रेंगाळत होता. एच-1बी, म्हणजे कामाचा तात्पुरता व्हिसा, काढू म्हणाल, तर वॉर्डातल्या साध्या नर्सच्या नोकरीला तो सहसा मिळत नाही, कारण तो पदवी लागणाऱ्या कामांसाठी असतो आणि ही नोकरी दोन वर्षांच्या कोर्सवरही करता येते. मी कशी आले? नवरा अमेरिकन नागरिक. रांगेत उभी राहिलेच नाही, तेव्हा माझं उदाहरण कुणी देऊ नये.

पगाराचं पटकन सांगते. मे 2024 मध्ये देशभरच्या रजिस्टर्ड नर्सचा मधला पगार 93,600 डॉलर होता, म्हणजे निम्म्या जणींना त्याहून कमी. त्यात कॅलिफोर्नियाचे गलेलठ्ठ पगारही आले. आमच्यासारख्या गावात आकडा बराच खाली असतो. घर स्वस्त, कबूल. पण बस नाही, रिक्षा नाही. गाडीचा हप्ता, विमा आणि पेट्रोल धरूनच हिशेब करायचा.

आता ‘काम हलकं’. आमच्यासारख्या ‘क्रिटिकल ॲक्सेस’ म्हणवणाऱ्या छोट्या ग्रामीण इस्पितळात जास्तीत जास्त पंचवीस खाटा. रात्री आम्ही दोन नर्स आणि एक डॉक्टर. मागच्या ऑक्टोबरात भुईमुगाची काढणी चालू होती (उपटलेल्या वेलांचा वास थेट मिरजेचा), पहाटे तीनला एक शेतकरी छाती धरून आला. ईसीजी मीच काढला, सुई मीच लावली, रक्तही मीच घेतलं, मोठ्या इस्पितळाला फोन मीच केला. तिकडून उत्तर आलं, धुकं आहे, हेलिकॉप्टर उडणार नाही. मग रस्त्याने ॲम्ब्युलन्स, आणि चालू असलेल्या औषधांमुळे सोबत माझी जोडीदार नर्स. ती परत येईपर्यंत सकाळचे साडेसात वाजले. तोवर वॉर्डातले नऊ पेशंट आणि इमर्जन्सीचं दार, दोन्हीकडे मी एकटी. शहरातल्या मोठ्या इस्पितळात दर कामाला वेगळा माणूस असतो. नवशिकीने पहिली नोकरी इथे धरावी असं मला अजिबात वाटत नाही.

भाचीला म्हटलं, आधी भारतातल्याच मोठ्या इस्पितळात आयसीयूची दोन वर्षं कर. अमेरिकेला पाठवणाऱ्या एजंटाला दोन गोष्टी लेखी विचार: माझी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख) कधी पडेल, आणि करार मोडला तर किती डॉलर भरायचे? तिने त्याच रात्री विचारलं. उत्तर मला दाखवलं: ‘मॅडम, रजिस्ट्रेशन फी भरल्यावर सगळी माहिती मिळेल.’