मोंमार्त्रला गाइड घ्यावा का? घ्यावा, पण छोट्या ग्रुपचा

पॅरिसला निघालेल्या ओळखीच्या मंडळींकडून हल्ली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. मोंमार्त्र, ती चित्रकारांची जुनी टेकडी, तर आपली आपण फिरता येते. मेट्रोने आबेसला उतरायचं, टेकडी चढायची, साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढायचे. मग त्यासाठी माणशी चाळीस युरो गाइडला कशाला द्यायचे? प्रश्न रास्त आहे. इनबॉक्समध्ये प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

पॅरिसमध्ये एकाच ठिकाणी गाइडवर पैसे खर्च करणार असाल, तर ते लूव्रमध्ये करू नका, मोंमार्त्रला करा. लूव्रमध्ये वस्तू समोर असते. खाली पाटी असते, ऑडिओगाइड मिळतो, कंटाळा आला तर पुढच्या दालनात जाता येतं. मोंमार्त्रचं उलटं आहे. ज्याच्यासाठी आपण एवढी टेकडी चढतो ते तिथे नाहीच. रन्वारने १८७६ मध्ये रंगवलेला मुलँ द ला गालेत ह्या इथल्या नाचघरातला नाच ओर्से म्युझियममध्ये आहे. पिकासोने इथे रंगवलेलं सगळ्यात गाजलेलं चित्र न्यूयॉर्कला आहे. टेकडीवर उरलेत ते उतार, दारं, भिंती आणि भिंतींवरच्या पाट्या. सांगणारं कुणी नसेल तर आपण एका सुंदर, महागड्या आणि गर्दीने गच्च भरलेल्या वस्तीतून आइस्क्रीम खात खाली येतो. तसं आलं तरी काही बिघडत नाही म्हणा.

प्लास एमिल-गूदो हा असाच एक उतरता, लहानसा चौक. झाडं आहेत, बाक आहेत आणि मधे एक गर्द हिरवं वॉलेस कारंजं आहे, चार बायकांनी डोक्यावर घुमट तोलून धरलेला. रिचर्ड वॉलेस नावाच्या इंग्रज धनिकाने १८७० च्या दशकात गोरगरिबांना प्यायचं पाणी फुकट मिळावं म्हणून अशी कारंजी शहराला दिली. बहुतेक लोक इथे बाटली भरून पुढे जातात. आमच्या गाइडने आम्हाला त्या कारंज्यापाशीच उभं केलं आणि समोरच्या १३ नंबरच्या दाराकडे बोट दाखवलं. दुकानाच्या शोकेससारखी एक काच, आत थोडे जुने फोटो. बस, एवढंच. हे बातो-लाव्वार, चित्रकारांच्या बिऱ्हाडांची जुनी इमारत. पिकासो १९०४ पासून १९०९ पर्यंत इथे राहिला आणि १९०७ साली 'आव्हिन्योंच्या तरुणी' हे चित्र त्याने इथेच रंगवलं.

मग तिने त्या इमारतीत राहणं काय होतं ते सांगायला घेतलं. उतारावर बांधलेली लाकडी वास्तू. चौकातून बघितलं तर एकमजली, मागून बघितलं तर खाली उतरत गेलेले मजले. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ. रात्री कपात राहिलेला चहा सकाळी गोठलेला असायचा, ही आठवण पिकासोबरोबर तिथे राहिलेल्या फेर्नांद ऑलिव्हिएने लिहून ठेवली आहे. आणि इतक्या बिऱ्हाडांत मिळून पाण्याचा नळ एक! हे ऐकताना आपला हात त्या फुकट पाण्याच्या कारंज्यावर टेकलेला असतो. दाराच्या आत बघण्यासारखं काही उरलेलं नाही. १९७० साली आग लागून सगळं जळालं, दर्शनी भाग तेवढा वाचला, मागे नंतर नवे स्टुडिओ बांधले. तरीही माझ्या मते अख्ख्या फेरीतला सगळ्यात भारी थांबा हाच होता.

कलाकार मोंमार्त्रला का आले, ह्याचं रोमँटिक उत्तर सगळीकडे मिळतं. उजेड छान होता, शहर पायाशी होतं, वातावरण मोकळं होतं. वातावरण वगैरे ठीक आहे, पण खरं कारण भाडं. १८६० पर्यंत हे गाव पॅरिसच्या हद्दीतच नव्हतं. शहरात येणाऱ्या मालावर वेशीवर जकात बसायची, वेशीबाहेर वाइन स्वस्त, म्हणून गुत्ते आणि नाचघरं इथे फोफावली. तिकडे खाली शहरात हौसमान नावाच्या अधिकाऱ्याने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, तेव्हा कष्टकरी माणूस कडेकडेला ढकलला गेला. शिवाय टेकडी आतून पोखरलेली. इथल्या जिप्समच्या खाणींतूनच ते प्रसिद्ध 'प्लास्टर ऑफ पॅरिस' बनायचं. असल्या जमिनीवर जड बांधकाम करणं म्हणजे खर्चाचं काम. साक्रे-करचा पाया घालताना ऐंशीहून जास्त खड्डे तीस मीटरहून खोल खणून ते भरून काढावे लागले होते. थोडक्यात, पैसेवाल्याला नको असलेली जागा. खिशात दमडी नसलेल्या चित्रकाराला हवीच तशी.

हा धागा एकदा हातात आला की पुढची प्रत्येक गल्ली वेगळी दिसायला लागते. आव्हन्यू ज्युनो हा टेकडीवरचा आजचा श्रीमंत रस्ता. देखणे बंगले, झाडी, शांतता. तिथे पूर्वी 'माकी' नावाची झोपड्यांची वस्ती होती, १९०६ साली पॅरिसला आलेला चित्रकार मोदिल्यानी काही काळ तिथे राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती हटवून हा रस्ता काढला. किंवा लापँ आजिलचं घ्या. रू दे सोलच्या कोपऱ्यावरचं ते गुलाबी, बुटकं घर, आजही तिथे रात्री गाणी होतात. तेव्हा ते चालवायचा फ्रेदे. पिकासोने १९०५ मध्ये ह्या गुत्त्याचं एक चित्र काढलं, स्वतःला विदूषकाच्या वेषात बसवलं, मागे गिटार वाजवणारा फ्रेदे काढला. ते चित्र काही वर्षं तिथेच भिंतीवर धूर खात होतं. १९१२ मध्ये फ्रेदेने ते किरकोळ पैशांत विकून टाकलं. १९८९ च्या लिलावात त्याच चित्राला चार कोटी डॉलरच्या वर किंमत आली. आमच्यातल्या एका गृहस्थांनी लगेच खिशातून फोन काढून ह्याचे रुपये किती ते मोजायला घेतलं आणि शून्यांत अडकले.

आता सुझान वालादोंबद्दल, कारण तिच्यासाठी मी ही टूर पुन्हाही करेन. धुणं धुणाऱ्या बाईची मुलगी. सर्कशीत कसरती करायची, पडली, ते काम सुटलं. मग चित्रकारांपुढे मॉडेल म्हणून उभी राहू लागली. रन्वार, तुलूज-लोत्रेक, प्युव्ही द शावान अशा मोठमोठ्यांच्या चित्रांत ती आहे. तासन् तास निश्चल उभी राहून ही पोरगी काय करत होती, तर समोरच्याचा हात कसा चालतो ते बघत होती. कुठलंही आर्ट स्कूल नाही. तिची रेखाटनं पाहून खुद्द देगा ह्या नामवंत चित्रकाराने ती विकत घेतली. १९१२ पासून ती रू कोर्तोवरच्या १२ नंबरच्या घरात राहिली, तिथे आता मोंमार्त्रचं म्युझियम आहे. त्याच वास्तूत १८७६ च्या सुमारास रन्वारने भाड्याने जागा घेतली होती. म्हणजे ज्या आवारात रन्वारने चित्रं काढली, तिथे पुढे त्याचीच मॉडेल स्वतःचा स्टुडिओ थाटून बसली. तिने काढलेल्या बायका बघा. कुणाला आवडावं म्हणून बसलेल्या वाटत नाहीत. थकलेल्या, जाडसर, आपल्याच तंद्रीत असलेल्या. मला वाटतं, मॉडेलच्या चौथऱ्यावर पाय भरून येणं म्हणजे काय हे माहीत असलेल्या बाईलाच हे जमतं.

तिचा मुलगा मोरिस उत्रिलो. दारूपायी आयुष्याची परवड झाली, त्यातून बाहेर पडावा म्हणून आईने हातात ब्रश दिला. ह्या गल्ल्यांची पांढुरकी, रिकामी चित्रं म्हणजे उत्रिलो. आणि गंमत अशी की हा अस्सल मोंमार्त्रचा पोरगा आपल्याच दारातल्या गल्ल्या पुष्कळदा पिक्चर पोस्टकार्डं समोर ठेवून रंगवायचा! पर्यटक फक्त फोटो काढत सुटतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे जरूर सांगावं.

हे सगळं पुस्तकात नाही का? आहे. यूट्यूबवरही आहे. मग छोटा ग्रुप कशासाठी?

कारण मोंमार्त्रचे फुटपाथ. आम्ही आठजण होतो. रू कोर्तोवर आमच्या पुढे चाळीसेक जणांचा एक ग्रुप होता, कानात रिसीव्हर, पुढे काठीला बांधलेला रुमाल. गाइड म्युझियमच्या दाराशी पोहोचून बोलायला लागली तेव्हा शेपूट अजून कोपऱ्यावर होतं. मागच्या लोकांना आवाज स्वच्छ येत होता, पण ती कशाबद्दल बोलतेय ते दिसत नव्हतं. म्हणजे कोपऱ्यावरच्या गटाराकडे बघत ते संगीतकार एरिक सातीबद्दल ऐकत होते. (साती त्याच गल्लीत ६ नंबरला राहायचा, हेही खरंच.) आणि एवढ्या लोकांत प्रश्न कोण विचारणार? आठ जणांत आपोआप विचारले जातात. आमच्यातल्या एका बाईंनी विचारलं, की इथून कलाकार गेले कधी? गाइडने सरळ उत्तर दिलं: पिकासोचं टोळकं १९१० च्या आसपास पांगायला लागलं, बरेच जण पॅरिसच्याच दुसऱ्या भागात, मोंपार्नासला गेले, कारण पर्यटक वाढले होते आणि भाडीही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी! 'आता पूर्वीचं मोंमार्त्र राहिलं नाही' ही तक्रार बहुधा टेकडीइतकीच जुनी असावी. मग ओघाने दुसरा प्रश्न आला, तुम्ही कुठे राहता? ती हसली. शहराच्या रिंगरोडपलीकडे, एका उपनगरात. रोज मेट्रो बदलून येते.

प्लास द्यु तेर्त्रबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. जाणकार लोक त्या चौकाला नावं ठेवतात. पोर्ट्रेट काढून घ्या म्हणून मागे लागणारे चित्रकार, साच्यातली आयफेल टॉवरची चित्रं, रेस्टॉरंटांच्या छत्र्या. पण तिथे बसायला पालिकेचा परवाना लागतो. वाट्याला येते साधारण मीटरभर लांब-रुंद जागा, तीही दोघांत आलटूनपालटून. उन्हातान्हात बसून, अनोळखी माणसाचा चेहरा वीस मिनिटांत उतरवून पोट भरणारा माणूस मला तरी बातो-लाव्वारच्या परंपरेपासून फार लांबचा वाटत नाही. फक्त एक, परवानावाला आपल्या ईझलपाशी बसलेला असतो. हातात पॅड घेऊन चालता चालता तुमचा चेहरा काढायला लागणाऱ्यापासून लांब राहा. तसंच साक्रे-करच्या पायथ्याशी मनगटाला दोरा बांधायला येणाऱ्यांपासूनही. हात खिशात ठेवा आणि चालत राहा.

सगळ्या छोट्या टूर चांगल्या असतात असं नाही. पिकासोच्या प्रेयसींची यादी आणि गायिका दालिदाच्या पुतळ्याला कुठे हात लावला की नशीब उघडतं, एवढ्यावर दोन तास काढणारे गाइडही भेटतात. (लोकांनी हात लावून लावून त्या बिचारीचा ब्राँझ तिथे लख्ख पिवळा केलाय. बघवत नाही.) 'फ्री टूर'बद्दलही सावध राहा. ती फुकट नसते, शेवटी टिप द्यायची असते. शिवाय बऱ्याच ठिकाणी गाइडला डोक्यामागे काही रक्कम बुकिंग साइटला भरावी लागते. त्यामुळे जितकी डोकी जास्त तितकं त्याचं गणित बसतं, आणि ग्रुप फुगतो. फ्रान्समध्ये म्युझियम आणि संरक्षित वास्तूंच्या आत टूर कंपनीतर्फे माहिती सांगायला सरकारी कार्ड असलेला गाइड-कॉन्फेरान्सिए लागतो. रस्त्यावर कुणीही सांगू शकतो. म्हणून बुक करताना हे कार्ड आहे का ते विचारा, त्यात भीड नको.

आणि एक बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो, ती तिथे राहणाऱ्यांची. सकाळी कुत्रा फिरवायला निघालेल्या आजोबांना स्वतःच्या दारातून बाहेर पडायला आम्हा आठ जणांनासुद्धा भिंतीला चिकटून वाट करून द्यावी लागली. चाळीस असते तर? ॲमस्टरडॅमने २०२० मध्ये जुन्या शहरातल्या गाइडेड ग्रुपवर १५ जणांची मर्यादा घातली, व्हेनिसने २०२४ मध्ये २५ ची घातली आणि लाउडस्पीकर बंद केले. मला तर २५ सुद्धा जास्त वाटतात. वर्षाला कोटभर माणसं ज्या टेकडीवर येतात तिथल्या गल्ल्या रुंद होणार नाहीत, तेव्हा ग्रुपच अरुंद करावे लागतील.

तेव्हा जाणार असाल तर सकाळी नऊच्या आसपासची टूर घ्या. अकरानंतर साक्रे-करकडून लोंढा येतो. 'स्मॉल ग्रुप' ह्या शब्दावर जाऊ नका, जास्तीत जास्त किती जण ते आकड्यात विचारा. कुणाकडे पंचवीसलाही स्मॉल म्हणतात. दहाच्या वर असेल तर दुसरी बघा. बूट मात्र जुने, रुळलेले घाला, दगडी फरसबंदी आणि उतार पायाचा जीव काढतात. आबेसला उतरलात तर जमिनीखाली पस्तीसेक मीटर असाल, लिफ्ट आहे. जिन्यातल्या भिंतींवरची चित्रं बघायची म्हणून जिना चढणार असाल तर तुमच्या जबाबदारीवर. आणि टूर संपली की लगेच खाली उतरू नका. रू कोर्तोच्या म्युझियमचं तिकीट काढा, वालादोंचा स्टुडिओ तिथे पुन्हा उभा केलाय, आणि मागच्या बागेतून १९३३ साली लावलेला द्राक्षमळा दिसतो. तिथे बिल्डिंग उठू नये म्हणून लावला होता. अजून आहे.