विश्वामित्रीच्या मगरींवरचा आळ

पावसाळ्यात बडोद्यातल्या काळ्या घोड्याच्या पुलाखाली विश्वामित्री नदीचं पाणी चढू लागलं की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. मजकूर थोडक्यात असा: ‘विश्वामित्रीत मगरी पूर्वी नव्हत्या, कुणीतरी आणून सोडल्या. आता त्या बेसुमार वाढल्यात, वस्तीत शिरतात. त्यांना धक्का लागू नये म्हणून नदीतला गाळ काढू देत नाहीत, म्हणून बडोदं बुडतं. सगळ्या मगरी पकडून आजवा तलावात नाहीतर नर्मदेत सोडा, साबरमतीसारखे पक्के काठ बांधा, पूर कायमचा संपेल.’

यंदा तो माझ्या काकांनी पाठवला. काका समा भागात राहतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. काका-काकूंनी दोन रात्री गच्चीवर काढल्या. फ्रिज, गाद्या, काकूंचं शिवणयंत्र, सगळं गेलं. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा शेजारच्या पार्किंगमध्ये दोनेक फुटांचं मगरीचं पिल्लू सापडलं. इतकं सोसलेल्या माणसाने तो मेसेज पुढे पाठवला, तर त्याला अडाणी म्हणायची माझी छाती नाही. पण त्या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्याच्या भरवशावर आपण चुकीच्या गोष्टीची मागणी करत राहिलो तर पुढच्या पुरातही काका गच्चीवरच असतील. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी गाळाचं, कारण काकांचा राग तिथे आहे. मगरींमुळे नदीला हात लावता येत नाही, हे 2025 च्या उन्हाळ्यात आपल्या डोळ्यांदेखत खोटं ठरलं. मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, सुमारे शंभर दिवस, शहरातल्या जवळजवळ 25 किलोमीटर पात्रात यंत्रं उतरली होती. गाळ निघाला, पात्र रुंद झालं. मगरी तिथेच होत्या आणि वनखात्याची माणसंही. तेव्हा मगरींनी काम अडवलं, हे म्हणणं टिकत नाही. मला त्या कामाबद्दल उलट वेगळीच तक्रार आहे. मगरीची मादी उन्हाळ्यात काठाच्या उतारावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते, आणि दोनेक महिन्यांनी, पहिल्या पावसाच्या सुमारास, पिल्लं बाहेर येतात. नेमक्या त्याच दिवसांत काठ खरवडला गेला.

मग पूर येतो कशाने? विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते. तो डोंगर आठशे मीटरच्या आसपास उंच आहे, आणि बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम पस्तीस-चाळीस मीटरवर. म्हणजे वर पाणी धावत येतं आणि सपाटीला लागलं की मंदावतं, पसरतं. नदीने इथे एवढी वळणं घेतली आहेत ती याच कारणाने. पुढे ती ढाढरला मिळते आणि ढाढर खंबातच्या आखाताला. खाली ढाढरच तुडुंब असेल तर विश्वामित्रीच्या पाण्याला वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं. त्यात वरून आजव्याचं पाणी सुटतं. 31 जुलै 2019 ला शहरात एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला, वर्षभराच्या पावसाच्या निम्म्याहून जास्त. 2024 च्या ऑगस्टमध्ये पाणी धोक्याच्या पातळीच्या दहा फुटांहून वर गेलं. अशा वेळी पात्र फूटभर जास्त खोल असलं काय आणि नसलं काय, फार फरक पडत नाही. सपाट जमिनीवरच्या नदीचा एक तुकडा नुसताच खोल केला तर तिथे डोह होतो, आणि दोन पावसाळ्यांत तो गाळाने पुन्हा भरतो. पाणी वाहून जायला उतार लागतो, आणि उतार काही खोदून मिळत नाही.

अशा पावसाचं पाणी मावायला नदीकडे पूर्वी दोन गोष्टी होत्या. एक, कोतरं. काठाने मातीत पडलेल्या त्या खोल, झाडझाडोऱ्याने भरलेल्या घळी. पूर आला की पाणी त्यांत शिरायचं, तिथे थांबायचं, थोडं मुरायचं आणि सावकाश परत यायचं. दुसरी, कांस. भुखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस ही नावं जुन्या बडोदेकरांना पाठ आहेत. शहराचं पाणी नदीला नेणारे, आणि नदी फुगली की तिचं पाणी उलट पोटात घेणारे हे ओढे. कोतरांत आपण भराव टाकला, प्लॉट पाडले, सोसायट्या बांधल्या. कांस कुठे पाइपात घातली, कुठे वळवली, कुठे तिच्यावर स्लॅब टाकून रस्ता केला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2021 च्या मे महिन्यात विश्वामित्रीच्या प्रकरणात जो आदेश दिला, त्यात नदीची हद्द आखा आणि तिची पूरजमीन जपा हाच भर होता. गाळ काढण्याचे फोटो पेपरात छापून येतात, आणि कोतर मोकळं करायचं म्हटलं की कुणाच्या तरी भिंतीला हात लावावा लागतो. मला वाटतं, गाळावर एवढी चर्चा होते ती यामुळेच.

आता ‘मगरी वस्तीत शिरतात’ याकडे येतो. 27 ते 29 ऑगस्ट 2024 या तीन दिवसांत वनखात्याने वस्तीतून 24 मगरी पकडल्या. सगळ्यात लहान दोन फुटांची, सगळ्यात मोठी 14 फुटांची. त्याच दिवसांत साप, मोठाली कासवं, एक साळिंदरही सापडलं. त्या साळिंदराने वस्तीवर हल्ला केला असं कुणी म्हटलं नाही. पुराच्या लोंढ्यात मगरीलाही टिकता येत नाही. ती प्रवाहाला तोंड देत बसत नाही, तर संथ पाणी शोधते. संथ पाणी मिळतं कांसेच्या तोंडाशी, तळ्यात, कंपाउंडच्या भिंतीआड. ती तिथे विसावते, मग पाणी उतरतं आणि ती रस्त्यावर, पार्किंगमध्ये, शाळेच्या आवारात अडकून पडते. मगर निघाल्याच्या जागा शहराच्या जुन्या नकाशावर मांडून पाहाव्यात, बऱ्याचशा खुणा कांसांच्या आणि कोतरांच्या रेघांवरच पडतील अशी माझी खात्री आहे. तिची वाट तीच आहे, मधे आपलं पार्किंग आलंय.

‘कुणीतरी आणून सोडल्या’ हे फार लांबवत नाही. ही मगर भारतीय उपखंडातली, इराणच्या आग्नेय कोपऱ्यापासून श्रीलंकेपर्यंतच्या गोड्या पाण्यातली. महीत आहे, नर्मदेत आहे, ढाढरमध्ये आहे, मग ढाढरलाच मिळणाऱ्या विश्वामित्रीत ती कुणी आणून का सोडावी लागेल? खोडियार मातेचं वाहन मगर आहे आणि तिची देवळं गुजरातभर आहेत. जी मगर पाहिलीच नाही तिला लोक देवीचं वाहन करत नाहीत. वडीलधारी मंडळी म्हणतात, आमच्या लहानपणी एवढ्या दिसत नव्हत्या, आणि ते बरोबरच सांगतात. विसाव्या शतकाच्या मध्याला कातड्याच्या व्यापाराने देशभरातल्या मगरी संपत आणल्या होत्या. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, मगर पहिल्या अनुसूचीत गेली, 1975 मध्ये मगर-संवर्धनाचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. त्यांनी पाहिली ती नदी शिकारीने रिकामी झालेली होती. (आपल्याकडे हिला सर्रास सुसर म्हणतात. खरी सुसर म्हणजे लांब निमुळत्या जबड्याची, मासे खाणारी, गंगा-चंबळेकडची. विश्वामित्रीत ती नाही. बातम्यांतही हा घोळ असतो, म्हणून सांगितलं.)

संख्या वाढली, हे मात्र खरं आहे. 2020 च्या गणनेत पावणेतीनशेच्या आसपास मगरी होत्या, 2025 च्या फेब्रुवारीतल्या गणनेत चारशेहून जास्त. रात्री बॅटरीच्या झोतात मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, ते मोजत जायचं ही या कामाची जुनी रीत. किती माणसं, किती अंतर, कोणती साधनं यावर आकडा थोडा हलतो, तरी वाढ झाली आहे यात शंका नाही. पण का झाली? नदी खरं तर पावसाळी. पूर्वी उन्हाळ्यात तिचे नुसते डोह उरायचे. आता ती बारा महिने वाहते, कारण आपण बारा महिने तिच्यात सांडपाणी सोडतो. त्यात मासे आहेत, काठावर टाकलेला कत्तलखान्यांचा आणि कोंबडीच्या दुकानांचा कचरा आहे, त्या कचऱ्यावर जमणारी कुत्री आहेत. वर्षभर पाणी आणि आयतं अन्न मिळालं तर कोणतंही जनावर वाढेल. तरी ‘बेसुमार’ हा शब्द मला पटत नाही. घोरपडी, मुंगूस, कुत्री अंडी उकरून खातात, पिल्लांना बगळे आणि मोठे मासे खातात, खुद्द मोठ्या मगरीही खातात. शंभरातली अगदी मोजकी वयात येतात.

आता ‘पकडून दुसरीकडे सोडा’. हा उपाय ऐकायला सगळ्यात सोपा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

आजव्यात सोडा म्हणतात. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराला पाणी द्यायला तो तलाव बांधला. त्याच्या सांडव्याचं पाणी येतं कुठे? विश्वामित्रीतच. आजव्यात सोडलेली मगर पुढच्या पुरात पाण्याबरोबर परत शहरातच येणार. नर्मदेत सोडा म्हणतात, तर नर्मदेत आधीच मगरी आहेत, आणि मोठा नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला टिकू देत नाही. शिवाय नर्मदेच्या घाटांवर रोज माणसं आंघोळ करतात. अनोळखी पाण्यात सोडलेलं, भांबावलेलं, जखमी जनावर त्यांच्या पदरात टाकायचं आणि आपण सुटलो म्हणायचं, हे मला माणूस म्हणून पटत नाही.

त्यात मगरीला घराची वाट सापडते. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या नर मगरींना पकडून, उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवून, हेलिकॉप्टरने लांब नेऊन सोडलं होतं. 2007 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली एक मगर द्वीपकल्पाला वळसा घालून, समुद्रातून चारशे किलोमीटरहून जास्त पोहून, वीस दिवसांत मूळ नदीत परत आली. आपली मगर वेगळ्या जातीची आहे आणि समुद्र पोहत नाही, हे मान्य. पण जागा ओळखण्याची आणि परतण्याची ओढ मगरींच्या कुळातच आहे. आणि समजा, एकही परत आली नाही, तरी रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. ढाढरकडून, जांबुवा नदीकडून नवी मगर येते. जुनीला इथल्या माणसांची, कपडे धुण्याच्या जागांची, रहदारीची सवय असते. नवीला ती नसते.

प्राणिसंग्रहालयात ठेवा, असंही कुणी सुचवतं. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत मगरींची पैदास इतकी झाली की जागा पुरेना, आणि सुमारे हजार मगरी जामनगरच्या प्राणी-केंद्राकडे पाठवण्याची परवानगी घ्यावी लागली. मगरींसाठीच उभारलेल्या संस्थेची ही अवस्था. बडोद्याच्या कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात चारशे मगरी कुठे ठेवणार?

राहिले साबरमतीसारखे पक्के काठ. अहमदाबादेत जे भरलेलं पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्यातून आणून वासणा बंधाऱ्याने अडवलेलं आहे. ती नदी रुंद आहे, वर धरोईचं मोठं धरण आहे. विश्वामित्री अरुंद, नागमोडी, मातीच्या काठांची. तिला दोन भिंतींत कोंडलं तर पसरायला जागा न मिळालेलं पाणी आणखी वर चढेल, आणि भिंत जिथे संपेल तिथल्या लोकांच्या, म्हणजे वडसरच्या आणि त्याखालच्या गावांच्या, घरांत शिरेल. मगरीला तर काठाचा उतार ऊन खायला आणि अंडी घालायला लागतोच. तो गेला की ती कांसेने आत, वस्तीकडे सरकेल. म्हणजे ज्या भीतीपोटी भिंत मागितली तीच भीती दारात येऊन बसेल.

मगर निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. या नदीत माणसं दगावली आहेत, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यापुढे कुठल्याही गणनेचा आकडा ठेवू नये. पण इलाज माहीत असलेले आहेत. जिथे बायका कपडे धुतात तिथे पाण्यात जाळीचं कुंपण, काठाच्या पायवाटांवर दिवे, मांसाचा कचरा नदीकाठी टाकण्यावर सक्त बंदी, अंड्यांच्या दिवसांत काठापासून दूर राहण्याची सूचना देणारे फलक. मगर दिसली की दोरी घेऊन धावण्याऐवजी वनखात्याला फोन. आणंद जिल्ह्यात चरोतरातल्या मलातजसारख्या गावांत गावतळ्यातच मगरी आहेत. तिथली गुरं, माणसं, मगरी त्याच तळ्यावर येतात. तिथल्या लोकांना मगर कधी कुठे बसते हे माहीत आहे, आणि ते त्याप्रमाणे वागतात.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, त्या पार्किंगच्या जागी आधी कांस होती. आम्ही प्लॉट बघायला आलो तेव्हा फळी टाकून ओलांडली होती.” मी विचारलं, तिचं पुढे काय झालं? ते म्हणाले, “बुजवली असेल. आम्ही कधी विचारलंच नाही.” येत्या रविवारी आम्ही दोघं सोसायटीच्या जुन्या कागदांत तिची रेघ शोधणार आहोत.