मार्चअखेरची डीव्हीडी-खरेदी

वाचनालयासाठी जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी घ्यायच्या तर मुहूर्त मार्चच्या शेवटच्या आठवड्याचाच धरा. आधी घेतल्या तर एखादी लावून बघायची वेळ येते. त्यातून ही सांगली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ इथेच उभं केलं. इथले सभासद चौकस, म्हणून त्यांना न विचारताच उरकलेलं बरं.

पहिला मान ‘थ्री इन वन’चा. एका थराच्या डीव्हीडीत मावतात ४.७ जीबी, दोन तासांचं चित्र त्यात सुखाने राहतं. आपण अडीच-अडीच तासांचे तीन चित्रपट कोंबलेली घ्यायची. सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट वाट्याला येतात, व्हीसीडीपेक्षा चिमूटभर जास्त. मग पडद्यावर पाऊस आला किंवा गर्दी धावली की चित्राच्या बर्फीसारख्या वड्या पडतात. एकाच चित्रपटाची, दोन थरांची ८.५ जीबीची चकती महाग पडते आणि वार्षिक अहवालात तीनाऐवजी एकच आकडा दिसतो. असला आतबट्ट्याचा व्यवहार कार्यकारिणी कसा मंजूर करील?

टीव्ही रुंद आहे, तेव्हा चित्रही रुंदच मागवा. ‘संत तुकाराम’ १९३६ चा. तेव्हाची चौकट रुंदीने उंचीच्या साधारण १.३७ पट, म्हणजे चौरसाच्या जवळची. ती टीव्हीच्या १६:९ मध्ये बसवायला वरखालून मिळून जवळपास पाव चित्र छाटावं लागतं. तुकोबा वैकुंठाला निघाले की डोकं आधी पोचतं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडणारी प्रामाणिक आवृत्ती चुकून आलीच, तर ‘सदोष’ शेरा मारून परत पाठवा.

‘कुंकू’ मागितला आणि ‘दुनिया ना माने’ आला तरी तक्रार नको. दोन्ही १९३७ चे, दोन्ही प्रभातचे, दोन्हींत शांता आपटे. भाषा तेवढी हिंदी.

वेष्टणावरची मिनिटं प्लेअरवरच्या मिनिटांशी ताडू नका. १५० चा चित्रपट १४४ मध्ये आटोपला तर ती ‘पाल’ (PAL) या टीव्ही-पद्धतीची करामत: सेकंदाला २४ चौकटी असलेली फिल्म २५ ने पळते, गाणारीचा गळाही थोडा चढतो. वीस मिनिटं कमी भरली तर मात्र गाणी गेली म्हणून समजा. चकतीची खालची बाजू जांभळी दिसली तर ती कुणीतरी संगणकावर भाजलेली नक्कल. रंग छान आहे म्हणायचं आणि बिल मागायचं नाही.

चकती आली की तिच्यावर दाखलांकाचा (वाचनालयाच्या नोंदवहीतल्या क्रमांकाचा) जाड कागद एका बाजूला चिकटवा. तोल गेला की ती प्लेअरमध्ये घरघरते. कागद सुटून आत अडकला तर प्लेअर नवा, पुढच्या अनुदानातून. पुसायची ती गोल गोल. मधून कडेकडे सरळ पुसलं तर आडवा ओरखडा यंत्र भरून काढतं. गोल ओरखडा वाचनाच्या रेघेबरोबरच धावतो, त्यामुळे तिथे चित्र हमखास अडतं.

कपाट तळमजल्यावरच असू द्या. २००५ आणि २०१९ ला कृष्णामाई सांगलीत कुठवर आली होती, ते कुणालाही विचारा. पाण्याने चकतीला फारसं होत नाही. वेष्टण आणि दाखलांक तेवढे वाहून जातात. मग साठा-पडताळणीला नुसत्या चकत्या मोजायच्या.